वंदनेत फ्लॅश नाही

लग्नघरची माणसं आधी कॅमेरा बघतात, मग फोटो. माझा मंडपाचा धंदा असल्यानं बोरगाव मेघेतल्या बऱ्याच लग्नांत एक फोटोग्राफर भेटतो, त्याचं सांगतो. त्याच्या कॅमेऱ्याच्या मुठीचं रबर कधीच निघालंय. तिथं त्यानं सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवलाय. यंदा सीझन बरा गेला. मी म्हटलं, "आता तरी नवा कॅमेरा घ्या, भाऊ." त्यानं कमी उजेडात चालणारी भारी लेन्स आणली आणि त्याच जुन्या कॅमेऱ्यावर चढवली.

"पाह्यते तं लेन्सच," म्हणाला.

परवा एका बौद्ध लग्नात वंदना सुरू झाली. हॉलमध्ये उजेड बेताचाच. नेहमीसारखा त्यानं फ्लॅश काढून खिशात टाकला. नवरदेवाचा मामा तणतणत आला.

"फ्लॅश काऊन नाई मारून राह्यले? कॅमेरा तं भंगारातला दिसते!"

तो जागचा हलला नाही. "वंदना होऊ द्या," हळूच म्हणाला, "मंग कॅमेऱ्याले शिव्या द्या. मले कामावरून काढाचं असन तं तेही मंगच काढा." आणि डोळा परत कॅमेऱ्याला लावला.

अल्बम आल्यावर मी मुद्दाम पाहिला. त्यात त्या मामाची म्हातारी आई आहे. हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ वंदना म्हणताना जरासे उघडे.

फ्लॅश पडला असता, तर तिनं दचकून डोळे उघडले असते.