मधेच थांबणारा प्रिंटर

उद्याच्या भजनाच्या ओळी मोठ्या अक्षरांत छापायला घेतल्या, तर घरचा लेझर प्रिंटर दोन पानं झाली की थांबून घरघरतोय. मला नुसतं उभं राहूनच दम लागलाय. माझ्या मैत्रिणीला, निर्मलाला, आता फक्त काळंकुट्ट अक्षर दिसतं. पान फिकं आलं की ती भजनात गप्प बसून राहते.

"बिघडला गं हा," मी सुनेला म्हटलं.

"नाही हो आई. आतला विजेचा प्रवाह जुळवून घेतोय तो. हवा दमट असली की काळी पूड कमीजास्त चिकटते. न थांबता छापलं, तर पहिलं पान काळं आणि शेवटचं पांढरं!"

मला हसू आलं. तरुणपणी मी अशीच होते. पहिला अभंग इतक्या वरच्या पट्टीत घ्यायचे, की पेटीवाल्या काकू दचकायच्या. तिसऱ्या अभंगाला माझे नुसते ओठ हलायचे. ऐट मात्र अशी, की पुढचं गाणं जणू इतर बायकांसाठी मुद्दाम सोडलंय! पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखं राहायला किती जपावं लागतं, हे आता कळतंय, जपण्यासारखं फारसं उरलं नाही तेव्हा.

शेवटचं पान आलं, पहिल्याइतकंच काळं. निर्मला उद्या शेवटपर्यंत गाईल. मी मधल्या कडव्याला सगळ्यांदेखत थांबेन आणि तिच्या आवाजाला टेकून बसेन.