काचेवरचा न जाणारा डाग

विलासराव गेल्याचं कळलं तेव्हा त्यांच्याच गाडीची किल्ली माझ्या हातात होती. त्या सकाळी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं होतं आणि मी बूट घालत असताना सुमनताईंचा फोन आला. सुमनताई माझ्या बायकोची थोरली बहीण. विलासराव त्यांचे यजमान, म्हणजे माझे साडू. "तुम्ही येऊ नका," ताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे या... पण गाडी आणू नका आता." आवाज अगदी सपाट होता. पहाटे झोपेतच त्यांचं हृदय थांबलं होतं. मी किल्ली खिशात टाकली आणि रिक्षानं गेलो. त्याला आता महिना होत आला. भेटणारे म्हणतात, झोपेत गेले, सुटले. मी मान हलवतो. पण शेवटच्या काही महिन्यांत हा माणूस किती भ्यालेला होता ते मी शेजारी बसून पाहिलं आहे, आणि ती भीती त्यांच्याबरोबर गेलेली नाही.

विलासराव इथल्याच एका टॉवेलच्या कारखान्यात तपासनीस होते. मागावरून उतरलेल्या मालात तेलाचा टिपका, तुटलेला धागा, रंगाचा फरक शोधायचा, हे त्यांचं काम. ती नजर ते घरी येतानाही सोबत आणायचे. लग्नाच्या पंगतीत समोर बसून मोठ्यानं म्हणायचे, "साडू, कॉलरवर आमटी सांडली की वो! वाढप्यानं सांडली का तुमी स्वतःच न्हालात?" अशा माणसानं गडद निळी गाडी घेतली. सोलापुरात नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे नळाचं पाणी गाडीवर कोणी ओतत नाही. बोअरचं पाणी इतकं जड की वाळलं की पांढरे गोल उमटतात. यावर विलासरावांनी शोधलेला उपाय असा, की पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जे वाया जातं ते बादलीत धरायचं आणि त्यानं गाडी धुवायची.

"फुकट जातंय, म्हणून गाडीला घालालोय," ते म्हणाले.

"विलासराव, चांगलं पाणी तुम्ही पिता, त्यातला सगळा क्षार या बादलीत उरतो. हे बोअरपेक्षा वाईट आहे." मला मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही. क्षार मोजायचं छोटं यंत्र मी घरून नेलं होतं. बादलीतला आकडा बोअरच्या जवळजवळ दीडपट आला.

"तुमच्या मशिनीला काय कळतंय? पाणी बघा की, काचंवानी हाय!" सुमनताई आतून हसल्या. पण उन्हाळा संपेपर्यंत बॉनेट आणि काचा पांढऱ्या ठिपक्यांनी भरून गेल्या, तेव्हा विलासरावांनी मलाच बोलावलं.

एका रविवारी आम्ही दोघं सावलीत गाडी घेऊन बसलो. पत्रा गार होऊ दिला. स्वयंपाकातलं पांढरं व्हिनेगर आणि बॅटरीत घालायचं पाणी निम्मं-निम्मं केलं, मऊ फडकं भिजवून डागावर ठेवलं, वाळायच्या आत पुसलं, धुतलं, लगेच कोरडं केलं. रंगावर कमी वेळ, काचेवर थोडा जास्त. चिवट डाग तीन-चारदा केल्यावर सुटले. शेवटी पुढची काच इतकी स्वच्छ झाली की काच नाहीच असं वाटावं. विलासराव आत बसले आणि म्हणाले, "एक राहिला."

"कुठं?"

"हितं, मधी. काळपट हाय."

मी बाहेरून पुसलं. आतून पुसलं. "आता?"

"हाय की अजून. जरा वर सरकला."

क्षाराचा डाग पांढरा असतो आणि तो सरकत नाही, हे त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं होतं. पण झाडाची सावली असेल असं मी धरलं, आणि आम्ही चहा प्यायला आत गेलो.

पुढच्याच आठवड्यात सांगोल्याला एका नात्यातल्या साखरपुड्याला निघालो. दोघंच होतो, बायका सकाळी एसटीनं गेल्या होत्या. दुपार कलली होती, ऊन थेट समोरून येत होतं. मंगळवेढा मागं पडलं तसे विलासराव कमी बोलू लागले. मधूनच वायपर चालू करत. कोरड्या काचेवर वायपर खरखरत होता. "पुसा की वो साडू आतून," ते म्हणाले. मी रुमालानं पुसलं. काचेवर काही नव्हतं. समोर रस्त्यावर मेंढरं होती... निम्मा रस्ता व्यापून, धुरळ्यासकट. ती मला कितीतरी लांबून दिसत होती. मी वाट पाहत राहिलो की आता पाय ब्रेकवर जाईल. गेला नाही. "विलासराव, मेंढरं!" मी ओरडलो आणि हँडब्रेक ओढला. गाडी आडवी होऊन थांबली. शेवटची मेंढी बंपरला अंग घासून गेली.

धनगर काठी घेऊन खिडकीशी आला. "दिसंना का वो? का झोपलाव?" मग त्यानं विलासरावांचा चेहरा पाहिला आणि काठी खाली घेतली. "पानी पिता का, मालक?"

विलासराव उतरले आणि शर्टाच्या बाहीनं काच पुसू लागले. एकाच जागी, जोरजोरात. मी त्यांना खांद्याला धरून काचेपासून बाजूला फिरवलं आणि म्हटलं, "आता नुसतं आभाळाकडं बघा." त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग अगदी हळू म्हणाले, "तिथंबी हाय की, साडू."

डॉक्टरांनी सांगितलं, साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावर रक्त झिरपतंय, दोन्ही डोळ्यांत. इंजेक्शनं सुरू झाली. कुठवर थांबेल ते सांगता येत नव्हतं. त्याच दिवशी मीही डोळे तपासून घेतले, कारण मलाही साखर आहे. सध्या काही नाही, पण दर वर्षी या, असं सांगितलं. विलासरावांनी किल्ली माझ्या हातात दिली ती तिथंच, दवाखान्याच्या पायरीवर. नोकरी जाईल याची भीती होतीच, कारण तपासनिसाला दिसत नाही हे किती दिवस लपणार? पण मोठी भीती वेगळी होती. इंजेक्शनसाठी नेताना ते माझं मनगट धरून बसायचे. एकदा म्हणाले, "मरायचं काय न्हाय वो. पण समदं काळं झालं आन मी जिताच राहिलो, तर?" मी म्हणालो, मी आहे ना. शेवटी शेवटी त्यांना माणूस ओळखू येत नव्हता. आवाजावरून ओळखायचे, आणि ओळखलं की हसायचे.

गाडी सध्या माझ्या दारात असते. ताईंना ती बघवत नाही. मागच्या आठवड्यात शेजाऱ्यांचा पाइप निसटून बोअरचं पाणी तिच्यावर उडालं आणि उन्हात वाळलं. मी व्हिनेगर आणि फडकं घेऊन बसलो. सगळे डाग निघाले, काचेच्या डाव्या कोपऱ्यातला एक सोडून. पुन्हा भिजवला, पुन्हा पुसला. तसाच. माझा हात थांबला. बोट लावून पाहायचं धाडस होईना. मी मंगलला, माझ्या बायकोला, हाक मारली. हाक फार मोठ्यानं गेली असावी. ती पिठाच्या हातांनीच धावत आली.

"काय झालं?"

"या काचेवर तुला काही दिसतंय?" कुठं, ते मी मुद्दाम सांगितलं नाही.

तिनं वाकून काच पाहिली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मला तेवढा वेळही सोसवत नव्हता. मग तिनं कोपऱ्यात नख घासलं. "हा काय. चांगला खडबडीत लागतोय. निघत नाही का?"

मी पायरीवर बसलो. तिनं माझ्याकडं पाहिलं, पिठाचा हात तसाच माझ्या खांद्यावर ठेवला.

तो डाग मी काढलेला नाही. डाव्या कोपऱ्यात आहे, चालवताना आड येत नाही. रोज सकाळी मी तो पाहतो आणि मंगलला हाक मारतो. ती पोळ्या ठेवून बाहेर येते, वाकून बघते आणि म्हणते, "आहे."