शिक्षा मिळाली का?

प्रोफेसरपदाच्या मुलाखतीआधी विभागप्रमुखांनी मला मुद्दाम चहाला बोलावलं, तेव्हाच मी ओळखलं की यांना काहीतरी हवंय. उज्जैनच्या एका कॉलेजात आम्ही दोघं मानसशास्त्र शिकवतो, दोघंही इथलेच मराठी. माझ्या छापून आलेल्या लेखांची यादी त्यांच्यापुढे होती. पहिल्याच लेखावर बोट ठेवून ते म्हणाले, "मॅडम, हा पर्चा हटवून टाका. छोट्याशा हिंदी पत्रिकेतला आहे, गिनतीत येत नाही. उगीच फाइल हलकी दिसते."

गिनतीत येत नाही म्हणे. तो लेख त्यांना का खुपतो, ते मला चांगलं ठाऊक होतं.

सरांनी इथल्या मराठी बायकांच्या आत्मविश्वासावर एक सर्वेक्षण केलं होतं. प्रश्नावली मूळची हिंदी. ती मराठीत आणायची म्हणजे 'है' काढून 'आहे' लावायचं, हा आमच्या गावचा जुना खाक्या. आम्ही बोलतोच तसं, आणि मला त्याची बिलकुल लाज वाटत नाही. पण बोलणं वेगळं आणि शास्त्र वेगळं. तर त्यात एक प्रश्न होता, 'लहानपणी घरी चांगली शिक्षा मिळाली का?' सरांच्या डोक्यात हिंदीतली शिक्षा, म्हणजे शिक्षण. फ्रीगंजपासून देवास गेटपर्यंतच्या बायकांनी ती मराठीत ऐकली आणि सांगितलं, छे हो, मुळीच नाही.

त्यांत माझी मावशी होती. मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेली. शाळेत दिवसभर हिंदी बोलायची, पण घरात, मराठीत, तिच्या लेखी शिक्षा म्हणजे छडीच. वडिलांनी कधी बोट लावलं नाही, म्हणून तिनेही ठसक्यात 'नाही' सांगितलं, आणि सरांच्या लेखात ती शिक्षणापासून वंचित राहिलेल्या बायकांत जाऊन बसली. लेख परदेशी नियतकालिकात आला. त्याला भराभर सायटेशन मिळत गेली, म्हणजे दूरदूरचे संशोधक आपापल्या लेखांत त्याचा हवाला देऊ लागले. उज्जैनच्या मराठी बायकांना घरी शिकवलं नाही म्हणून त्या दबलेल्या, हे पक्कं होऊन बसलं. माझी मावशी आणि दबलेली! देवास गेटचे भाजीवाले तिच्याशी भाव करताना आवाज खाली ठेवतात.

हे लक्षात आलं तेव्हा माझं पित्त खवळलं. सरांना सांगितलं, तर ते "बघू" म्हणाले आणि कधीच बघितलं नाही. मग मी त्याच बायकांकडे गेले, सरळ 'शिक्षण' हा शब्द घालून पुन्हा विचारलं, आणि उत्तरं उलटी झाली. परदेशी नियतकालिकाला चूक लिहून कळवली. त्यांचं उत्तर आलं नाही. शेवटी जिथे छापलं गेलं तिथे छापलं. माझ्या त्या लेखाचा हवाला आजवर कुणीही दिलेला नाही.

"लेख राहील, सर," मी म्हटलं. "आणि पहिलाच राहील."

"बघा हं. समितीत मीपण आहे."

मला प्रोफेसर व्हायचं होतं, हे मी लपवत नाही. दारावर तशी पाटी लागावी म्हणून इतकी वर्षं जिवाचं रान केलं होतं. पण लेख काढला नाही.

मुलाखतीला बाहेरचे एक तज्ज्ञ आले होते, महाराष्ट्रातले, मराठी. यादी चाळत त्यांनी विचारलं, "या पहिल्या लेखाचा प्रभाव काय? कुणी हवाला दिलेला दिसत नाही."

"सर, मी मराठीत एक विचारू?" मी म्हटलं. "लहानपणी तुम्हाला घरी चांगली शिक्षा मिळाली का?"

ते हसले. "छे हो. आमचे वडील फार मवाळ. कधी हात उगारला नाही."

"मग आमच्या विभागाच्या हिशोबाने तुम्ही शिक्षणापासून वंचित आहात. लेखात तेवढंच लिहिलंय."

त्यांना समजायला एक क्षण लागला. मग ते वळून आमच्या सरांकडे बघत राहिले. सर पाणी प्यायले. अध्यक्षांनी हिंदीत विचारलं, क्या हुआ, तोवर सरांनी माझी फाइल मिटून ठेवली होती.

माझी निवड झाली नाही. कारण दिलं, प्रकाशनं अपुरी. त्या दिवशी घरी येऊन मी रडले, रागाने रडले, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या फेरीचा अर्ज भरला. यादी तीच, क्रम तोच.

अर्जावर सही घ्यायला सरांकडेच जावं लागतं. सही करता करता ते मान हलवून म्हणाले, "तो एक पर्चा हटवला असता ना मॅडम, तर आज प्रोफेसर असता तुम्ही."

"हटवला असता तर झालेच असते, सर," मी कागद उचलला. "पण तुमच्यासारखी."