साडेबाराचा डाव

त्यांच्या लॅपटॉपला टिकली होती. पडद्याच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याच्या बरोबर मध्यावर, वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, पाकिटातली मोठी मरून टिकली. गोंद सुकला की ती सुटायची, मग ते नवी लावायचे. आमच्या टीममधल्या डच सहकाऱ्यांना ती कसल्यातरी पूजेची खूण वाटे, आणि ते त्यांना तसंच वाटू देत. "खरं कारण सांगितलं तर ते आपल्यावरच संशय घेतील," असं त्यांनी मला एकदा हळूच सांगितलं होतं.

कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला शब्द "कशावरून?" नवऱ्याच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावरची तीन वर्षं घरात काढून मी आइंडहोवनच्या त्या ऑफिसात नवी नवी रुजू झाले, तेव्हा उत्साहाने त्यांच्यापाशी जाऊन म्हटलं, "मीपण महाराष्ट्रातली, पुण्याची." ते म्हणाले, "कशावरून?" मी कोथरूडच्या घराचा पत्ता गल्लीसकट सांगितला. तेव्हा कुठे त्यांनी डबा पुढे केला आणि म्हणाले, "घे, चकली घे. मी मिरजेचा."

आमचं दोघांचं काम सॉफ्टवेअर तपासण्याचं. बनवणारे म्हणतात सगळं नीट चालतं, आणि ते तसं चालत नाही असं धरून आम्ही दिवस काढतो. मी पाचला दुकान बंद करते. त्यांचं दुकान चोवीस तास उघडं असायचं. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, पण तो इतका मन लावून संशय घेत असेल असं मला वाटत नाही.

राहायला आम्ही दोन गल्ल्यांच्या अंतरावर. इथली माणसं दिवाणखान्याच्या मोठ्या खिडक्यांना पडदे लावत नाहीत. रस्त्यावरून जाताना कुणाच्या ताटात काय आहे तेही दिसतं. यांच्या खिडकीला मात्र जाड पडदे, तेही भर दुपारी ओढलेले. परिणाम असा झाला की अख्ख्या गल्लीत संशयास्पद घर तेवढं एकच. शेजारची म्हातारी काहीतरी निमित्त काढून बेल वाजवायची आणि त्यांच्या खांद्यावरून आत डोकवायची. "बघ, पाळत आहे," ते मला म्हणत.

खेमेंटेकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, डचमध्ये पत्र आलं की आपण सगळे ते भाषांतराच्या ॲपमध्ये टाकतो. तेही टाकत, पण एकेक वाक्य, आणि क्रम बदलून. "त्यांना अख्खं पत्र कशाला कळायला हवं?" या पद्धतीने एकदा त्यांना असं कळलं की ओल्या कचऱ्याचा डबा मंगळवारऐवजी शुक्रवारी बाहेर ठेवायचा. खरं पत्र नेमकं उलटं होतं. महिनाभर त्यांचा कचरा अंगणात वास मारत होता आणि शेजारणीचा संशय पक्का झाला.

मग कोरोना आला. ऑफिस घरात शिरलं, आणि गावातल्या मराठी मंडळींचा ग्रुप, जो एरवी गणपतीत कोण काय करून आणणार एवढंच ठरवायचा, तो दिवसभर चालणारी सभा झाला. त्या सभेत हे गृहस्थ रोज उभे. कुणी काढ्याचा फॉरवर्ड टाकला की खाली "कशावरून?" कुणी भारतातल्या सरकारची बाजू घेतली, "कशावरून?" कुणी त्याच सरकारला शिव्या घातल्या, तरी तेच. त्यामुळे इकडचे त्यांना तिकडचा समजत आणि तिकडचे इकडचा. दोन्हीकडून बोलणी खाऊन ते खूश असत. इथलं कोरोनाचं ॲप त्यांनी घेतलं नाही, आणि का घेतलं नाही यावर लिहिलेली पोस्ट एवढी लांबलचक होती की ती वाचून संपेपर्यंत माणूस विलगीकरणातून बाहेर आला असता.

एकदा एका तरुण आईने ग्रुपवर विचारलं, शाळा बंद आहेत, मुलांना व्हिडिओ गेम किती वेळ खेळू द्यावेत? यांनी लिहिलं, अजिबात नाही. "फुकट खेळ देणाऱ्याला तुमच्या पोराचा आवाज, तुमचा पत्ता आणि फोनमधली सगळी नावं कशाला हवीत? खेळ हे आमिष आहे. मी आजवर एकाही खेळाला एकही परवानगी दिलेली नाही." मला ते पटलं. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचा टॅबलेट मी त्याच दिवशी कपाटात ठेवून दिला. त्यावर ती वर्गातल्या मैत्रिणींबरोबर ठोकळ्यांचं गाव बांधायची. बंद घरात तेवढीच तिला सोबत होती, हे मला कळायला हवं होतं. "यू लिसन टू हिम, नॉट मी," असं म्हणून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघं कालव्याकाठी फिरायला जायचो, मध्ये नियमाचं दीड मीटर अंतर ठेवून. माणसांपासून दीड मीटर लांब राहणं त्यांना कोरोनाआधीही आवडायचं. दुसऱ्या वर्षीच्या वसंतात त्यांनी एकाएकी येणं बंद केलं. "साडेबारा ते एक मला काम असतं." ऑफिसच्या कॅलेंडरमध्येही तेवढा अर्धा तास रोज अडवलेला, आणि त्यावर फक्त "खासगी".

आता मी त्यांच्याच तालमीत तयार झालेली. टीममधली माणसं कमी करणार अशी कुजबुज चालू होती. यांना काही आतली बातमी लागली की काय? दुसरीकडे मुलाखती देतायत की काय? वहिनींना फोन केला, तर म्हणाल्या, "बागेतल्या सायकलींच्या खोलीत जाऊन बसतात बाई. काय करतात देव जाणे." दुसऱ्या दिवशी मी शंकरपाळे घेऊन मागच्या बोळाने त्यांच्या बागेत गेले. शंकरपाळे निमित्ताला होते, हे कबूल करते.

त्या खोलीच्या खिडकीला पडदा नव्हता. आत हे गृहस्थ उलट्या बादलीवर बसून, चष्मा कपाळावर चढवून, फोनवर कॅरम खेळत होते. एक सोंगटी गेली तशी त्यांनी खुशीत मांडीवर थाप मारली.

मला आधी हसू आलं. मग लेकीचा चेहरा आठवला आणि डोकं फिरलं. मी खिडकीतून फोटो काढला, घरी आले आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे गृहस्थ रोज साडेबाराला गेम खेळतात. कशावरून? यावरून." वर्षभरात ग्रुप एवढा हसला नव्हता. इकडचे आणि तिकडचे पहिल्यांदाच एकत्र आले.

तासाभराने हे गृहस्थ माझ्या दाराशी उभे होते, तोंडाला मास्क, पायरीपासून दीड मीटर मागे. मी भांडणाच्या तयारीतच दार उघडलं.

"तेवढा फोटो काढून टाक गं," ते म्हणाले.

"आणि माझ्या मुलीचा टॅबलेट? ग्रुपवरचं ते प्रवचन?"

"प्रवचन बरोबरच होतं माझं. पण फोटोत माझा स्क्रीन दिसतोय."

मी फोटो मोठा करून पाहिला. बोर्डाच्या वर समोरच्या खेळाडूचं छोटं चित्र होतं. कानटोपी आणि पांढऱ्या मिशा.

"हे कोण?"

"माझा दादा."

मग त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. वडील लवकर गेले, थोरल्या भावानेच यांना शिकवलं, परदेशी पाठवलं. दोनेक वर्षांपूर्वी निवडणुकीच्या दिवसांत दादांनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि यांनी सवयीप्रमाणे "कशावरून?" विचारलं. सगळ्या नातेवाइकांसमोर, एकदा नाही, तीनदा. दादा म्हणाले, "तुला बोट धरून शाळेत नेलं, आणि मला पुरावा मागतोस?" त्यांनी ग्रुप सोडला आणि बोलणंही सोडलं. दादा मिरजेला एकटे. बायको गेलेली, मुलगी बेंगळुरूला. तिकडे दुसरी लाट चढत होती. यांचा फोन ते घेत नसत. पुतणीकडून यांना एवढंच कळलं होतं की बाबा रोज चारच्या चहाला फोनवर कॅरम खेळतात. तिकडचे चार म्हणजे इकडचे साडेबारा.

"मग ते ॲप घेतलं. सगळं मागितलं त्याने. माइक, लोकेशन, फोनमधली नावं. सगळ्याला हो म्हटलं." हे सांगताना त्यांनी मान खाली घातली होती. "नाव न देता पाहुणा म्हणून शिरलो, त्याचं चित्र शोधून रोज त्यालाच डावाचं आमंत्रण पाठवायचो. त्या खेळात काही लिहिता येत नाही. नाइस शॉट, ऊप्स, वन मोअर, एवढीच बटणं. भांडायची सोयच नाही."

"पण ते दादाच कशावरून? चित्र कुणीही कुणाचंही लावेल," मी विचारलं.

"राणीवरून. पहिल्यापासून राणीच्या मागे लागतो आणि कव्हर घ्यायचं विसरतो. चाळीस वर्षं तेच. चारला तो दिसला की कळतं, आज बरा आहे. मला तेवढंच हवं होतं."

फोटो मी तिथेच काढून टाकला. पण ग्रुपमधल्या एक बाई मिरजेच्या, त्यांनी तो गंमत म्हणून आधीच बहिणीला पाठवला होता. मिरज काही फार मोठं नाही. संध्याकाळपर्यंत फोटो दादांच्या फोनवर पोचला आणि धाकट्या भावाच्या हातात त्यांना स्वतःच्या मिशा दिसल्या.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला दादा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मी बागेत जाऊन खिडकीबाहेर उभी राहायचे. आत ते फोन हातात धरून एक वाजेपर्यंत बसायचे. पुतणीने कळवलं की बाबा बरे आहेत, फक्त ॲप काढून टाकलंय. "कशावरून बरा आहे?" त्यांनी मला विचारलं. आवाजात नेहमीचा खट्याळपणा नव्हता. ती बेंगळुरूत, तिला तरी काय दिसतंय, असं त्यांचं म्हणणं, आणि रोज तिकडून कुणी ना कुणी गेल्याची बातमी येत होती. त्या दिवसांत मला स्वतःची मनापासून लाज वाटली. लेकीला टॅबलेट परत दिला, पण त्याने यांचं काहीच भरून येणार नव्हतं.

दादांना नेमकं काय लागलं ते पुतणीकडून नंतर समजलं. धाकट्याने नाव लपवलं याचा त्यांना फारसा राग नव्हता. पण खेळात बहुतेक डाव दादा जिंकले होते. "म्हातारा समजून मुद्दाम हरत होता माझ्याशी. दया दाखवत होता," असं ते म्हणत होते.

"हरायचात का मुद्दाम?" मी विचारलं.

"नाही गं. मला खरंच येत नाही."

खरं सांगायचं तर माझाही विश्वास बसला नाही.

लाट ओसरली, विमानं सुरू झाली आणि ते निघाले. लशीचं प्रमाणपत्र, चाचणी, विमानतळाचं ॲप, पत्त्याचे आणि फोन नंबरांचे फॉर्म, जे जे मागितलं ते ते त्यांनी मुकाट्याने भरून दिलं. एकदाही काही विचारलं नाही. वहिनी म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशीही इतके शहाण्यासारखे वागले नव्हते."

मिरजेहून त्यांचा फोन आला. दादांनी दार उघडलं, कसा आहेस वगैरे काही नाही. पुढच्या खोलीत बोर्ड मांडला, पावडर टाकली आणि म्हणाले, "बस समोर. आता खरं खेळ."

"माझी पंचाईत बघ," ते मला म्हणाले. "जिंकलो तर म्हणणार, बघ, तेव्हा मुद्दाम हरत होतास. हरलो तर म्हणणार, आताही तेच करतोयस."

"मग काय केलंत?"

"हरलो."

"मुद्दाम?"

"आता तूपण?"

"बरं, त्यांना पटलं का?"

"छे. म्हणतो, उद्या परत बस."

त्यांनी तिकीट पुढे ढकललं, मग आणखी एकदा ढकललं. रजा संपली. तिथून काम करायला ऑफिसने नकार दिला, तेव्हा त्यांनी राजीनामा पाठवला. वहिनींनी वसंतात घर आवरलं आणि त्याही गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुझ्या फोटोमुळे भाऊ भेटले गं." मला ते मान्य नाही. फोटो काढताना माझ्या मनात फक्त खुन्नस होती. दादांना त्या दिवसांत काही झालं असतं तर त्याच फोटोला काय म्हणायचं होतं? त्यांनी स्वतः मला त्याबद्दल कधी शब्दानेही दुखावलं नाही, आणि मला तेच जड जातं.

आता साडेबाराला मी कालव्याकाठी एकटी फिरते. कधीतरी त्याच वेळी त्यांना फोन लावते. पलीकडून स्ट्रायकरचा आवाज येतो, मग दादांचं खाकरणं, मग हे म्हणतात, "थांब हं, माझी पाळी आहे." मागच्या खेपेला मी विचारलं, एकदा इकडे चक्कर मारायला कधी येणार? ते म्हणाले, "दादाला पटलं की लगेच."

दादांना अजून पटलेलं नाही, आणि कधीच पटू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.