डोक्यावरची तिरपी रेघ

इंग्रज जाताना आपल्या भाषेची राखण आमच्या समोरच्या काकांवर सोपवून गेले असावेत, असं मला कायम वाटत आलंय. काका छापखान्यात इंग्रजी प्रूफं तपासून रिटायर झाले, पण डोळे काही रिटायर व्हायला तयार नव्हते. भाजीच्या पिशवीतही तळाशी जाड डिक्शनरी असायची. फ्रेंचांकडून इंग्रजीनं उचललेल्या शब्दांत काही अक्षरांच्या डोक्यावर ज्या तिरप्या रेघा असतात, त्या कोणी गाळल्या की काकांना अन्न गोड लागत नसे. टाइपरायटरवर त्या खुणा नाहीत, म्हणून माझ्या अर्जासोबतच्या कागदावर 'रेझ्युमे' या मथळ्यावरच्या दोन रेघा त्यांनी पेनानं ओढल्या. "हे शाईचे डाग कशाचे?" साहेबानं विचारलं, आणि माझी नोकरी हुकली. काका म्हणाले, "बरं झालं. त्या अडाण्याच्या हाताखाली काय शिकला असतास?" इंग्रजीत लग्नपत्रिका छापणारे तर त्यांचं दार चुकवूनच जायचे. काकू गेल्यावर आणि मुलगा मुंबईला राहू लागल्यावर त्या दाराशी तसंही कोणी जात नव्हतं.

राहता राहिलं आमच्या गावातल्या सदर भागातलं एक चहाचं दुकान. मालक रोज सकाळी दारातल्या फळ्यावर खडूनं इंग्रजीत 'कॅफे' लिहायचा आणि शेवटच्या अक्षरावरची रेघ हमखास विसरायचा. संध्याकाळी काका स्टुलावर चढून रेघ द्यायचे आणि मग मालकाला फैलावर घ्यायचे.

"काकाजी, त्या रेघेनं चहा गोड होते का?"

"चहा नाही, माणूस सुधारतो," म्हणत काका दुसरा कप मागवायचे. दुकान बंद होईपर्यंत हे चालायचं.

एकदा स्टुलावर त्यांचा पाय घसरला. लागलं नाही, पण मालक हळहळला. त्यानं पेंटरकडून पक्की पाटी करून घेतली, रेघेसकट. काका खूश होतील असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं. त्यांनी चष्मा पुसून पाटी वाचली, "बरोबर आहे" म्हणाले, चहा संपवला आणि लगेच उठले. नंतर ते फिरकलेच नाहीत.

शेवटी मालक त्यांच्या घरी गेला. मीही सोबत होतो.

"काकाजी, काहून येऊन नाही राहिले?"

"आता माझं काय काम तिथं?"

"काम कायले पायजे? नुसतं बसाले या ना."

जन्मभर पुस्तकी भाषेत बोललेल्या काकांनी मांडीवरची डिक्शनरी मिटली. मग हळूच म्हणाले, "नुसतं बसाले कोणी बोलावलंच नव्हतं मले."

त्यानंतर ते शेवटपर्यंत नुसते बसायला येत राहिले. आता तिथं मी चहा पितो, काहीबाही लिहितो. माझ्या चुका कोणी काढत नाही, आणि फार एकटं वाटतं.