क्लचकाका आणि लेकीचा ढुम

क्लचकाकांची आणि त्या गाडीची पहिली भेट झाली तेव्हा आकाशात वीज कडाडली, रस्त्यावरची रहदारी आपोआप थांबली आणि बंद पडलेल्या एका लाँड्रीच्या मागच्या आवारात उभ्या असलेल्या त्या गाडीने आपला एकुलता एक शाबूत दिवा मिचकावून "किती उशीर केलात!" असं स्पष्ट म्हटलं. हे अर्थात काकांचं म्हणणं. सुरुवातीच्या काळात या हकिकतीत नुसतं ऊन होतं. वीज नंतर आली. रहदारी थांबली ती तर अगदी अलीकडे.

काकूंची हकिकत मात्र पहिल्यापासून तीच आहे. गाडीच्या मागच्या सीटवर कोंबड्या राहत होत्या आणि पुढे, मालकाच्या जागेवर, कोंबडा. दिवा मिचकावणं शक्यच नव्हतं, कारण बॅटरीच्या जागी अंडी होती. गाडी सुरू होईना, म्हणून ती ढकलत घरी आणली. ढकलायला काका, आणि स्टिअरिंगवर काकू, ज्यांनी तोवर शिवणयंत्राच्या चाकाखेरीज कुठल्याही चाकाला हात लावला नव्हता. शहरभर लोकांना गाडी चालवायला शिकवणारा माणूस घामाघूम होऊन मागून ओरडत होता, "क्लच! अगं, क्लच!" आणि काकू खिडकीतून डोकं बाहेर काढून शांतपणे विचारत होत्या, "क्लच म्हणजे यातलं कुठलं?"

काकांचा धंदाच तो होता. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या छोट्या मोटारीत दोन्ही बाजूंना ब्रेक होते, आणि आयुष्यभर शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून त्यांचा उजवा पाय कायमचा ब्रेकवर गेला होता. न्हाव्याच्या खुर्चीत वस्तरा गालाजवळ आला की ते ब्रेक दाबत. नाटकात नायक नायिकेकडे जरा वेगात निघाला की ब्रेक. मुलीने पहिलं पाऊल टाकलं तेव्हा सगळं घर टाळ्या वाजवत होतं आणि हे एकटे ओरडत होते, "आधी आरशात बघ!" दिवसभर "क्लच, क्लच, क्लच" असा घोष चाले, म्हणून विद्यार्थ्यांनी त्यांना क्लचकाका केलं. पुढे ते नाव घरातही शिरलं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मोटारीबद्दल ते वाटेल ते बोलत. ती डबडं होती, पत्र्याचं पिंप होती. पण जुन्या गाडीबद्दल वावगा शब्द निघत नसे. कोंबड्यांची वस्ती हलवून, एकेक पुर्जा घासूनपुसून त्यांनी तिला चालती केली होती आणि तिच्यात दोष म्हणून काही असू शकतो हे त्यांना मान्यच नव्हतं. ती भर चौकात थांबली तर "तिला जरा आजूबाजूला बघायचंय." बॉनेटमधून वाफ आली तर "दम खातेय." तिच्यात बसले की मात्र काका एकदम गप्प होत. मान किंचित कलती, डोळे अर्धे मिटलेले, सगळा जीव कानात. इंजिन ऐकत. ते कुठलीही गोष्ट गप्प बसून ऐकत असतील अशी जगात ती एकच जागा होती.

आणि म्हणूनच त्यांच्या लेकीला गाण्यासाठी तीच जागा हवी होती.

लेकीचं नाव बटण. लहानपणी दिसेल ते बटण दाबायची म्हणून. लिफ्ट, पंखा, शेजाऱ्यांची बेल, काहीही सुटलं नाही. मोठेपणी ती एका विमा कंपनीत फोनवर लोकांची गाऱ्हाणी ऐकायच्या नोकरीला लागली. गाऱ्हाणं लांबलं की माणसाला होल्डवर ठेवायचं आणि त्याला एक पिपाणीवजा संगीत ऐकवायचं, अशी पद्धत होती. ते ऐकून ऐकून बटणला एक दिवस वाटलं, याहून बरं तर मीच करीन. घरी कॉम्प्युटरवर पुन्हा बटणं दाबायला सुरुवात झाली. थेंबांचे आवाज, दारांचे आवाज, मधूनच बासरीसारखं काहीतरी आणि खालून, जमिनीच्याही खालून आल्यासारखा एक ढुम. त्यातून एक अख्खं गाणं झालं. ते दुसऱ्या शहरातल्या एका स्टुडिओने ऐकलं आणि विचारलं, आमच्याकडे येतेस का कामाला? शनिवारपर्यंत कळव.

नोकरी सोडायची, घर सोडायचं. बटण आईला म्हणाली, "बाबाला एकदा, फक्त एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू दे. मग ठरवते."

"त्यांचं मत या घरात कधीपासून विचारायला लागलो?" काकू म्हणाल्या.

"मत नकोय गं. ऐकायला हवाय."

घरात ते होईना. गाणं सुरू झालं की काकांना गॅस बंद आहे का ते बघायचं असे. कानांना हेडफोन लावला तर ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात "छान आहे!" म्हणून ओरडले आणि तो काढून ठेवला. तेव्हा गाणं गाडीतच बसवायला बटणने मामाला बोलावलं.

मामा म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, रेडिओ-मिक्सर दुरुस्तीवाला. तो दारात आला की दाजी एकच प्रश्न विचारत, "पाना आणलास?" बटण शाळेत असताना काकांचा एक छोटा पाना हरवला होता. तो मामाने नेला, असा काकांचा दावा होता आणि तो काळाबरोबर पक्का होत गेला होता.

"दाजी, मी तो पाना बघितलासुद्धा नाही."

"चोर असंच म्हणतो," असं म्हणून काका त्याला प्रेमाने चहा देत.

काकांची अट एकच होती. गाडीला एकही भोक पाडायचं नाही. मामाने जुना रेडिओ अलगद उघडला, त्याच्या पोटात फोनवरचं गाणं पकडणारी काड्यापेटीएवढी वस्तू ठेवली आणि तारा जोडल्या. काड्यापेटीएवढ्या वस्तूने लगेच काडी पेटल्यासारखा धूर काढला.

"दाजी, अहो, ही गाडी उलटी आहे!" मामा किंचाळला. "सगळ्या जगात बॅटरीची उणे बाजू पत्र्याला जोडतात, हिची अधिक बाजू जोडलीय!"

"गाडी सरळ आहे," काका म्हणाले. "जग उलटं आहे."

शेवटी मामाने डिकीत वेगळी छोटी बॅटरी ठेवली आणि मागच्या सीटखाली, जिथे पूर्वी कोंबड्या अंडी घालत, तिथे खोल आवाजाचा एक ठोकळ्यासारखा स्पीकर बसवला. जुन्या रेडिओची गोल खुंटी फिरवली की खट्ट आवाज होई, पिवळा दिवा लागे आणि त्या आजीबाईच्या पोटातून कालपरवाचं गाणं बाहेर पडे. बटणला हे इतकं आवडलं की तिने मामाला मिठी मारली.

संध्याकाळी बापलेक निघाले. रस्ता मोकळा होता. बटणने खुंटी फिरवली. थेंब पडले, दारं वाजली, काकांची मान कलली. ते ऐकत होते! बटण श्वास रोखून बसली. मग पहिला हलका ढुम आला, त्यामागून दुसरा भरदार, आणि काकांनी करकचून ब्रेक मारला.

"काय झालं?"

"कुठे काय? पाणी बघतो जरा."

ते उतरले, बॉनेट उघडलं, पाण्याकडे बघितलंही नाही. त्यांना भलतंच काही ऐकू आलं होतं. खडखड! त्यांच्या गाडीत! इतकी वर्षं केसाएवढा आवाज न करणाऱ्या गाडीत, आणि तोही पोरीसमोर! पोरीने ऐकला तर नसेल? त्यांनी चोरून तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती. नसेल ऐकला, म्हणून त्यांना हायसं वाटलं.

दुसऱ्यांदा त्याच जागी ते "हवा बघतो" म्हणून उतरले. तिसऱ्यांदा बॉनेट नीट लागलं नव्हतं. चौथ्यांदा बटणनेच खुंटी बंद केली. "राहू दे, बाबा." किती समजूतदार पोर, काकांना वाटलं.

मग ते शोधाला लागले. त्यांनी गाणं बटणच्या नकळत आपल्या फोनवर घेतलं आणि ती कामावर गेली की गाडीत, गाडीखाली, गाडीवर पडून खडखड हुडकली. सायलेन्सर आवळला, दिव्यांच्या कड्या आवळल्या, काही नसताना आरसाही आवळला. गाणं डोक्यात असं बसलं की शिकवताना तोंडातून "ढुम" निघून गेलं आणि शेजारी बसलेल्या शिकाऊ बाईंनी घाबरून गाडी फुटपाथवर चढवली.

शुक्रवारी सकाळी काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "पोरगी नाही म्हणून कळवणार आहे तिकडे."

"का?"

"तुम्हाला तिचं गाणं सोसवत नाही म्हणून."

"असं कोण म्हणालं?"

"तुमचा पाय म्हणाला. दरवेळी त्याच जागी."

काका उभ्या उभ्या खाली बसले. एका बाजूला लेक होती आणि दुसऱ्या बाजूला गाडीची अब्रू. आयुष्यात त्यांनी हजार माणसांना चौकात कुठे वळायचं ते सांगितलं होतं. आता त्यांचं त्यांनाच कळेना. चहाचा कप हातात निवून गेला. मग ते उठले आणि बटणच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. ती कॉम्प्युटरवर काहीतरी लिहीत होती.

"बटण, एक सांगायचंय. मामाला सांगू नकोस."

"बोल."

काकांनी घसा साफ केला. पुन्हा केला. "गाडीत आवाज आहे."

"कसला आवाज?"

"खडखड. तुझ्या त्या ढुमला. पहिल्याला नाही, पहिला हलका असतो. मग थेंब थांबतात बघ, अगदी एका श्वासापुरती, आणि दुसरा येतो, तिथे सुरू होतो. बासरी वर जाते तिथे कमी होतो. तू मागे ते दार वाजवलंयस ना, किरकिरणारं, मला वाटलं तेच असेल. पण ते वेगळं आहे. ते तुझं आहे, हे गाडीचं आहे."

बटण खुर्ची वळवून बापाकडे बघतच राहिली. तिच्या गाण्यातलं ते दार आजवर कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, स्टुडिओवाल्यांच्यासुद्धा.

"बाबा, तू हे किती वेळा ऐकलंस?"

"ऐकतोय कुठे? शोधतोय."

"आणि पुढचं?"

"पुढचं नाही बुवा. खडखड असताना पुढे कसं जायचं?"

बटण हसायला लागली. हसता हसता तिने डोळे पुसले आणि लिहिलेलं सगळं पुसून टाकलं. "चल," ती म्हणाली, "आणि मामाला मीच सांगते."

मामा आला. बटण पुढे बसून नुसता ढुम परत परत वाजवू लागली. काका रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं पत्र्याला लावून डॉक्टरसारखे गाडीभोवती रांगू लागले. "ढुम." "नाही." "ढुम." "अजून." "ढुम." ड्रायव्हरच्या दारापाशी काका थबकले. "इथे!"

दाराचं आतलं आवरण सोडवलं. मामाने आत हात घातला, चाचपडला आणि त्याच्या चेहऱ्यावर एक दिव्य तेज पसरलं. हात बाहेर आला तेव्हा त्यात एक छोटा पाना होता. इंजिनाने, खड्ड्यांनी, गतिरोधकांनी कधी जागचा न हललेला, पण बटणच्या ढुमने जागा केलेला.

मामाने पाना दोन्ही हातांनी दाजींपुढे धरला. "दाजी, आता बोला."

काकांनी पाना उलटसुलट केला. उजेडात धरला. "हा तो नव्हेच," ते म्हणाले.

"अहो!" काकू व्हरांड्यातून ओरडल्या.

"तसाच दिसतो," काकांनी कबूल केलं आणि पाना खिशात घातला.

मग बापलेक पुन्हा त्याच रस्त्याने निघाले. थेंब, दारं, पहिला ढुम. दुसरा ढुम आला तेव्हा काकांचा पाय ब्रेककडे गेला, हवेत थांबला आणि परत आला. गाणं पुढे सरकलं. ढुम हळूहळू विरला, त्याच्या जागी कधी दुसरीच चाल आली ते कळलंही नाही, बासरी एकटीच पुढे गेली आणि एका वळणावर सगळं थांबलं. उरलं ते फक्त इंजिन.

बटण खिडकीबाहेर बघत होती. विचारायची हिंमत होत नव्हती.

"मध्ये एक चाल सोडून दुसरी घेतलीस ना," काका गिअर बदलत म्हणाले, "तिथे झटका बसला नाही." आणि मग, तीस वर्षं शिकवून ज्या शब्दांची वाट विद्यार्थ्यांनी फुकट पाहिली होती ते शब्द बाहेर पडले. "क्लच बरोबर दाबलास."

बटणने घरी पोचायच्या आत, गाडीतूनच, स्टुडिओला येते म्हणून कळवलं.

ती गेली, रमली. तिचं सगळ्यात जास्त लोकांनी ऐकलेलं काम म्हणजे एका बँकेचं होल्डवरचं संगीत. काका रोज दुपारी त्या बँकेला फोन लावतात आणि कुणी उचलला की वैतागतात.

जुन्या गाडीचा गिअरबॉक्स पुढच्या वर्षी गेला. सुटा भाग कुठेच मिळाला नाही. गाडी शेडमध्ये उभी असते. रेडिओ चालतो.