काकांचं लंडनचं भिंग

"डॉक्टर, मला दोन बायका दिसतायत," सॅम्युएलकाका म्हणाले. "एक नेहमीची, दुसरी तिच्याहून थोराड."

रिबेकाकाकू शेजारच्याच खुर्चीवर होत्या. त्यातली स्वयंपाक करणारी कोणती, एवढंच त्यांनी विचारलं.

पनवेलच्या माझ्या दवाखान्यात काकांच्या नाकावर नुकताच नवा चष्मा चढला होता. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन छान झालं होतं. मी जरा मिजाशीतच होतो.

काका पूर्वी बोटीवर इंजिनखात्यात होते. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत लंडनला त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, आणि सर्जनने आत चक्क प्लॅस्टिकचं भिंग बसवलं. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंगच गढूळ होणं. ते काढलं की जागा रिकामी. म्हणून आम्ही बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा द्यायचो. काकांना तो लागलाच नाही. अर्धं पनवेल त्यांच्या डोळ्यात डोकावून गेलं होतं.

मुंबईचे माझे प्रोफेसर म्हणायचे, ही भिंगं सरकतात. त्यामुळे दर तपासणीला मी टॉर्च मारून तेच बघायचो.

"पडलं का?" काका विचारायचे.

"अजून नाही."

काका खूश होऊन घरी जायचे.

डाव्या डोळ्यालाही त्यांना तसंच भिंग हवं होतं. माझ्याकडे ते नव्हतं, मुंबईतही कुणी बसवायला तयार होईना. शेवटी साधं ऑपरेशन केलं. पण जाड काचेतून वस्तू पाव हिश्शाने मोठी दिसते. उजवा डोळा खरं माप दाखवी, डावा वाढीव. मेंदूला दोन्ही चित्रं जुळवता येईनात. काका बाजारात पायरी चुकून पडले. मग मी डावी काच कागद लावून झाकली. माझा यशस्वी डोळा बेकार बसला.

काही वर्षांनी एका सकाळी काकूंनी त्यांना हात धरून आणलं. काका थट्टेच्या मूडमध्ये नव्हते.

"उजव्याने सगळं धुरकट दिसतंय. खरं सांगा, डोळा गेला का?"

औषध घालून बाहुली मोठी केली आणि पाहिलं. भिंग सुटून डोळ्याच्या तळाशी जाऊन पडलं होतं. डोळा मात्र शांत होता, प्रेशरही ठीक. प्रोफेसरांना विचारलं, तर त्रास देत नाही तोवर हात लावू नकोस म्हणाले. मग उजव्यालाही जाड काच दिली आणि डाव्यावरचा कागद काढला. दोन्ही डोळे आता सारखंच मोठं बघू लागले.

काका बराच वेळ काकूंकडे बघत राहिले. "एकच आहे," ते म्हणाले. "पण थोराडवाली."

काकूंनी पिशवी उचलली आणि त्यांना चला म्हणाल्या.

तेव्हापासून एका डोळ्याला सुरी लावण्याआधी मी दुसऱ्याची चौकशी करतो. नांदायचं त्यांना एकमेकांबरोबर असतं, सर्जनबरोबर नाही.